अकराची घंटा आणि मफलरवाले मामंजी

शनिवार, १४ नोव्हेंबर १९८७. ठिकाण: इंग्लंडातल्या नॉरफकमधलं एक शिकारीचं लॉज. हजर: लॉजचे मालक हॅलमसाहेब, त्यांचे सात बंदूकधारी पाहुणे, शिकारीचे पक्षी सांभाळणारा गेमकीपर टेड, काठ्या घेऊन रान उठवायला आलेली गावातली बारा माणसं, पाच लॅब्रडॉर कुत्रे, माझे यजमान अरविंद, आमची पंधरा वर्षांची शिल्पा, माझ्या सासूबाई आणि मी. गैरहजर: फेझंट.

फेझंट म्हणजे कोंबडीएवढा, लांब शेपटीचा, दिसायला राजबिंडा आणि अकलेनं बेताचा पक्षी. माणसं रानात काठ्या आपटतात, फेझंट घाबरून उडतात, पलीकडे ओळीनं उभे असलेले सभ्य गृहस्थ त्यांच्यावर गोळ्या झाडतात. अशा दिवशी फेझंटच गैरहजर असणं म्हणजे मांडव घातलाय, बँड आलाय, पंगत बसलीय आणि नवरानवरी दोघंही बेपत्ता आहेत.

आणि त्यांना बेपत्ता मी केलं होतं. वेळेवर, यादीनुसार.

आम्ही तिथे कसे पोचलो ते आधी सांगते. लंडनजवळ वॉटफर्डला अरविंद ज्या छापखान्यात होते तो बंद पडला. मी शाळेच्या कॅन्टीनमध्ये होते, तिथे माणसं कमी केली, त्यात मी गेले. एका मासिकात जाहिरात आली: शिकारीच्या लॉजवर दांपत्य हवं. बाईनं स्वयंपाक आणि घर बघायचं, पुरुषानं किरकोळ दुरुस्त्या आणि बाग. राहायला कॉटेज. (अरविंदनी आयुष्यात एकच खिळा ठोकला आहे. तो अंगठ्यात गेला.) सहा आठवड्यांची ट्रायल आणि ट्रायलचा शेवटचा दिवस म्हणजे हंगामातली पहिली मोठी शिकार. ती नीट पार पडली तर नोकरी आणि कॉटेज आमचं. नाही तर सोमवारी सामान बाहेर. वॉटफर्डचं भाड्याचं घर आम्ही सोडून आलो होतो. म्हणजे सामान बाहेर, एवढंच ठरलेलं होतं. बाहेर म्हणजे कुठे, ते माझ्या एकाही यादीत नव्हतं.

याद्या मात्र भरपूर होत्या. ओले कोट वाळवायची खोली, चिखलाचे बूट ठेवायची फळी, थर्मासमधलं सूप, 'पाय' नावाच्या इंग्रजी कचोऱ्या आणि सॉसेज रोल, कुत्र्यांचं पाणी. शिकारीतले पक्षी पिसांसकट आठवडाभर टांगून ठेवायची एक थंडगार खोलीसुद्धा होती. (माझ्या मते ते आठवड्यानंतर पुरायला हवेत. इंग्रजांच्या मते तेव्हा ते खायला येतात. मी वाद घातला नाही, ट्रायल चालू होती.) यादीवर मी काम झालं की बरोबरची खूण करायची. रात्री झोपताना एकही काम खुणेविना राहिलेलं मला खपत नाही. कॅन्टीनमध्ये मला 'मिसेस टिक' म्हणायचे. मला ते कौतुक वाटायचं.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग मामंजींचं श्राद्ध आलं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. पुण्यात रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क होते. शेवटची दोन वर्षं आमच्याकडे वॉटफर्डला राहिले. गळ्यात कायम पांढरा मफलर, आणि सकाळी अकराला जेवायला पान वाढलेलं हवं. इकडे मी कॅन्टीनमध्ये पाचशे पोरांची ताटं भरत असायची, त्यामुळे मामंजींचं पान रोज दीडला. ते काही बोलायचे नाहीत. फक्त अकरा वाजता येऊन रिकाम्या टेबलाशी बसायचे.

श्राद्धाच्या दिवशी सासूबाईंनी सोवळ्यात स्वयंपाक केला. लंडनमधल्या ईलिंगहून आणलेल्या उडदाच्या डाळीचे वडे, खीर, वरणभात, गवार मिळेना म्हणून फ्रेंच बीन्स. अरविंदनी पुस्तकात बघून मंत्र म्हटले. मग कावळ्याचं पान लॉजच्या मागच्या अंगणात भिंतीवर ठेवलं. आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, नियम असा, की कावळा शिवल्याखेरीज घरात कुणी तोंडात घास घालायचा नाही.

बारा वाजले. साडेबारा वाजले. कावळा नाही. दीड वाजता हॅलमसाहेब चादरी मोजायला येणार होते.

"आजी, मी कॉर्नफ्लेक्स खाऊ? ते काय जेवण नाही," शिल्पा म्हणाली.

"गप बस. आजोबा उपाशी आहेत आणि तुला कॉर्नफ्लेक्स सुचतायत."

तेवढ्यात टेड आला. साठीचा, हिरव्या कोटातला, पक्ष्यांपेक्षा जास्त न बोलणारा माणूस. मी त्याला विचारलं, इथे कावळे कुठे बसतात?

टेडचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "कावळे? मिसेस साने, ह्या हद्दीत तुम्हाला एक कावळा दिसणार नाही. अंडी खातात मेले. तीस वर्षं मी एकेक करून निकालात काढलेत."

"काय म्हणतोय?" आईंनी विचारलं.

अरविंदनी माझ्याकडे बघितलं. "म्हणतोय, कावळे सध्या बाहेरगावी गेलेत."

"हे अडलेत," आई म्हणाल्या. (त्यांच्या बोलण्यात 'हे' म्हणजे एकच माणूस, तो हयात असो वा नसो.) "त्यांची काहीतरी इच्छा राहिली आहे. अरविंदा, बोल काहीतरी."

अरविंद हात जोडून म्हणाले, "बाबा, मी गाडीचा इन्शुरन्स वेळेवर भरीन."

पान तसंच. आई माझ्याकडे वळल्या. "सुमन, हे तुझ्यापाशी अडलंय. दोन वर्षं त्यांना दीडला वाढलंस."

सव्वा वाजला होता. साहेबांची गाडी कुठल्याही क्षणी आली असती. मी भिंतीपुढे हात जोडले आणि म्हणाले, "मामंजी, चुकलं माझं. ह्यापुढे रोज बरोबर अकरा वाजता पान वाढीन. एक मिनिट इकडे की तिकडे नाही."

झुडपातून एक फेझंट बाहेर आला.

चांगला मोठा नर होता. लालसर तपकिरी अंग, आणि गळ्याभोवती पांढरीशुभ्र पट्टी. दोन पावलं टाकायचा, थांबायचा, मान वळवून मागे बघायचा, जणू घराचं कुलूप लावलं की नाही आठवत नाहीये. हे मामंजींचं चालणं होतं, ते मलाही नाकारता येईना. तो उडी मारून भिंतीवर चढला आणि त्यानं आधी वडा फोडला.

आईंनी डोक्यावरून पदर घेतला. "अहो," त्या फेझंटला म्हणाल्या, "सावकाश जेवा. थंडीत मफलर घेतलात ते बरं केलंत."

"मम्मी, आजोबा चिकन झाला?" शिल्पानं विचारलं.

"झाले म्हण," आई म्हणाल्या. "आजोबांना 'झाला' म्हणायचं नसतं."

आता इथे एखाद्या शहाण्या बाईनं काय केलं असतं? आठ दिवस जाऊ दिले असते. आई विसरल्या असत्या, नाहीतर फेझंट. पण मी दिलेलं वचन यादीवर चढवते. दुसऱ्या दिवसापासून 'घरची कामं' या यादीत, इस्त्रीच्या खाली आणि भाजीच्या वर, ओळ आली: अकरा वाजता, मामंजींचं पान.

आणि मी ते काम शिस्तीत बसवलं. आई आपल्या मनाला येईल तेव्हा अंगणात जाऊन "अहो, येताय ना?" अशा हाका मारायच्या, त्यात माझी आमटी करपायची. मागच्या दाराशी एक जुनी पितळी घंटा टांगलेली होती. मी ठरवलं, अकराच्या ठोक्याला मी घंटा वाजवीन, घंटा वाजली की आईंनी पातेलं घेऊन यायचं. तीन दिवसांत मामंजी घंटेला यायला लागले. चौथ्या दिवशी त्यांच्यामागून सहा माद्या आल्या.

आईंचा हात पातेल्यातच थांबला. "ह्या कोण?"

टेडनं सांगितलं होतं की एकेका नराबरोबर अशा पाचसहा असतातच, पण ते भाषांतर करायची अरविंदची छाती झाली नाही.

आईंनी बराच वेळ त्यांचं निरीक्षण केलं. शेवटी म्हणाल्या, "आमच्या नणंदा असणार. सहाच होत्या. बघ ना, आल्या आल्या कशा ताटाकडे गेल्या." आणि डाव वाढवून भात घातला.

त्यानंतर नातेवाईक वाढतच गेले. काका, चुलते, रेल्वेतले सहकारी. तांदळाचं पोतं हां हां म्हणता उतरलं. टेड रानात गहू टाकून शिट्ट्या वाजवायचा. एकदा उदासपणे मला म्हणाला, "गव्हाला तोंड लावत नाहीयेत हल्ली. आजारी आहेत की काय कळत नाही." त्याला मी सहानुभूतीनं चहा दिला. तेव्हा खरं सांगायला हवं होतं. पण ट्रायल चालू होती.

शिकारीच्या दिवसाची यादी मी वेगळी केली, लॉजच्या चांगल्या कागदावर, हॅलमसाहेबांकडून तपासून घेऊन. त्यात होतं: नऊला कॉफी. साडेनऊला पहिलं रान उठवायचं. अकराला घंटा, म्हणजे सूप तयार, सगळ्यांनी मागच्या अंगणात यावं. सव्वाअकराला दुसरं रान; हे लॉजच्या मागचं, सगळ्यात मोठं, टेडचे बहुतेक सगळे पक्षी तिथले.

घरच्या यादीत त्या दिवसापुरती 'मामंजींचं पान' ही ओळ मी स्वतः खोडली. आईंना कॉटेजमध्ये दोन जुड्या कोथिंबीर निवडायला बसवलं. (साहेबांच्या सूपमध्ये कोथिंबीर नव्हती. आमच्याही घरात नव्हती लागणार. पण जुड्या मोठ्या होत्या.) एका यादीत पान, दुसऱ्या यादीत घंटा. दोन्ही याद्या फ्रिजवर शेजारी शेजारी लावलेल्या होत्या. दोन्ही माझ्याच अक्षरात. मी दोन्ही दिवसातून वीसदा वाचत होते, आणि एकदाही एकत्र वाचल्या नाहीत.

सकाळी धुकं पडलं. समोरचा हात दिसेना. पहिलं रान रद्द झालं. पाहुणे कॉफी पीत, बूट आपटत, घड्याळं बघत बसले. हॅलमसाहेब स्वयंपाकघरात दोनदा डोकावून गेले. त्यांनी कार्पेटच्या धंद्यात पैसा मिळवून दोन वर्षांपूर्वी हे लॉज घेतलं होतं, आणि आजचे पाहुणे पिढ्यानपिढ्या शिकार करणारे होते. म्हणजे ट्रायल त्यांचीही चालू होती. पावणेअकराला धुकं विरलं तसे ते थेट सगळ्यांना घेऊन मागच्या रानाकडे गेले.

ही बातमी मला कुणी दिली नाही. मी सॉसेज रोल ओव्हनमधून काढत होते. रानात काठ्यांचा ठकठक आवाज सुरू झाला तेव्हा मला वाटलं, पहिलं रान उशिरा सुरू झालं असेल. घड्याळात अकरा वाजले. मी दाराशी गेले आणि घंटा वाजवली. अकरा ठोके. स्वयंपाकघरात येऊन यादीवर बरोबरची खूणही केली.

"मम्मी," खिडकीतून शिल्पा म्हणाली, "कम अँड लुक."

झुडपातून मामंजी येत होते. दोन पावलं, थांबणं, मागे बघणं. मागून सहा नणंदा. त्यांच्यामागून सगळं रान. काठ्या त्यांच्यापाठी वाजत होत्या, पण कुणी घाबरलं नव्हतं, कुणी उडत नव्हतं; जेवणाची घंटा झाल्यावर कचेरीतली माणसं निघतात तसे रमतगमत, एकमेकांना धक्के देत सगळे अंगणात जमत होते. भिंत भरली. बुटांची फळी भरली. लँड रोव्हरच्या बॉनेटवर चौघं बसले.

मी एप्रन हलवत धावले. "हुश, हुश, जा रे, उडा." ते माझ्या पायांशी आणखी जवळ आले. एप्रनमध्ये भात आहे असं त्यांना वाटलं.

कॉटेजचं दार उघडलं. आई पातेलं घेऊन निघाल्या होत्या.

"आई, आज नाही. आत जा."

"घंटा झाली."

"ती सूपची घंटा होती हो."

"सूपची की साबुदाण्याची, ते त्यांना काय ठाऊक? अकरा वाजता वाढीन असं तू म्हणालीस. त्यांच्या तोंडावर म्हणालीस." आणि त्यांनी पहिला डाव जमिनीवर वाढला.

अरविंद थर्मास घेऊन आले, त्यांनी मदत म्हणून जोरात टाळ्या वाजवल्या. एक फेझंट उडाला. तो अरविंदच्या डोक्यावर बसला.

कोपऱ्यावरून हॅलमसाहेब आले. मागे सात पाहुणे, बंदुका मधल्या बिजागरीत उघडून काखेत धरलेल्या. मागे कुत्रे. कुत्र्यांनी अंगणाकडे बघितलं, मालकांकडे बघितलं, आणि खाली बसले. त्यांच्या शिक्षणात हे नव्हतं. सगळ्यात शेवटी काठीवाले, आणि त्यांच्यात टेड.

फक्त चोचींचा आवाज येत होता.

"मिसेस साने," हॅलमसाहेब अगदी हळू म्हणाले, "माझे पक्षी इथे काय करतायत?"

"जेवतायत," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

एका तरुण पाहुण्यानं बार काढायला उघडी बंदूक बंद केली. खट् आवाज झाला. साहेबांनी मान न वळवता हात वर केला. "जमिनीवरच्या पक्ष्यावर नाही. आपल्याकडे ते करत नाहीत." त्या शिष्टाचाराचे मी मनातल्या मनात पाय धरले. कारण त्या बंदुकीच्या समोर पहिल्या पंक्तीत मामंजी होते, आणि मामंजींच्या मागे पातेल्यासकट आई.

"साहेब काय म्हणाले?" आईंनी अरविंदला विचारलं.

"जेवून घ्या म्हणाले."

"त्यांनाही विचार ना. दारात आलेत, तसे कसे पाठवायचे. भात आहे भरपूर."

"तुमच्या आई काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

"सॉरी म्हणतायत," अरविंद म्हणाले. त्यांच्या डोक्यावरचा पक्षी अजून उतरला नव्हता.

टेड पुढे आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते धुक्याचं नव्हतं. "जुलैपासून," तो मला म्हणाला, "जुलैपासून मी ह्यांना माणसाला भ्यायला शिकवतोय." मग त्यानं एक नणंद उचलली, काखेत धरली, तिचं वजन अजमावलं आणि म्हणाला, "ही आता उडणार नाही. ही आता फार तर लोळेल."

सूप मात्र संपलं. पाहुणे अंगणातच उभे राहून प्यायले, कारण बसायच्या जागा भरलेल्या होत्या. त्यातले एक म्हातारे गृहस्थ तर आईंच्या शेजारच्या दगडावर बसले आणि पातेल्यातला वरणभात चमच्यानं खाऊन "व्हेरी सूदिंग" म्हणाले. आईंनी त्यांना आणखी वाढला. मला वाटलं, एवढ्यावर निभावेल. पण हॅलमसाहेबांचे कान लाल होते, आणि दुपारी लांबच्या रानात जे काही थोडंफार मिळालं त्यानंही ते उतरले नाहीत.

चार वाजता त्यांनी मला स्वयंपाकघरात उभं केलं. बाहेर अंधारून आलं होतं. मी भांडी घासून, पुसून, जागेवर लावून ठेवली होती, कारण सोमवारी जायचंच तर मागे पसारा नको. यादीवर सगळ्या खुणा झाल्या होत्या. इतकी पूर्ण झालेली यादी मी त्याआधी कधी बघितली नव्हती, आणि इतका सत्यानाशही.

"मिसेस साने, तुमचा स्वयंपाक उत्तम आहे. घर मी कधी इतकं नीटनेटकं बघितलं नाही. पण तुम्हाला कळतंय ना..."

"कळतंय," मी म्हणाले. "किल्ल्या सोमवारी सकाळी देते."

दाराशी टेड टोपी हातात घेऊन उभा होता. तो खाकरला. "सर, ती गेली तर पक्षी कुठे जाणार?"

"म्हणजे?"

"ते तिच्या घंटेला येतात. माझी शिट्टी ऐकत नाहीत. ती सोमवारी गेली तर मंगळवारपासून हंगाम संपेपर्यंत ते त्या अंगणात बसून राहतील. जिनं बाहेर आणलेत तिलाच आत न्यायला लागेल. घंटा रोज थोडी थोडी रानाकडे सरकवायची. दुसरा इलाज नाही."

हॅलमसाहेबांनी डोळे मिटले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "ठीक आहे. ट्रायल वाढवली. शेवटचा पक्षी रानात परत जाईपर्यंत तुम्ही इथे. मग बघू."

मी त्याच संध्याकाळी यादी केली. रोज अकराला घंटा दहा पावलं पुढे. पहिल्या आठवड्यात भाताऐवजी अर्धा गहू, दुसऱ्यात पूर्ण. चिखलात, वाऱ्यात, गारांत मी ती पितळी घंटा काखेत मारून रानाकडे जायची, मागून वरातीसारखे दोनशे फेझंट, आणि सगळ्यांच्या शेवटी छत्री धरून आई. तीन आठवड्यांत काका गेले, चुलते गेले, रेल्वेतले सहकारी गेले. नणंदाही गेल्या. (आई म्हणाल्या, "सुटले.") एकच राहिला. मफलरवाला. तो रोज रानापर्यंत आमच्याबरोबर यायचा, सगळ्यांना पोचवायचा, आणि आमच्याबरोबर परत घरी यायचा.

नाताळात साहेबांनी विचारलं, "गेले का सगळे?"

"एक बाकी आहे."

"मग तुमचं काम संपलेलं नाही," साहेब म्हणाले, आणि बिस्किटं घेऊन गेले.

पुढच्या नाताळातही त्यांनी तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं. फेझंट काही फार वर्षं जगत नाही म्हणतात. पण टेड दर उन्हाळ्यात नवीन पक्षी आणायचा, आणि दर नोव्हेंबरात त्यातला एक, गळ्यात पांढरं घेऊन, अकरा वाजता मागच्या दाराशी हजर व्हायचा. आईंना त्यात कधीच काही नवल वाटलं नाही. आम्ही त्या ट्रायलवर त्या कॉटेजमध्ये नऊ वर्षं राहिलो. आई तिथेच, तिथल्याच खाटेवर गेल्या. त्यांचं पान ठेवलं तेव्हा आम्हाला पाच मिनिटंसुद्धा थांबायला लागलं नाही. मफलरवाला आला, आणि त्यानं त्यांच्या पानातलाही आधी वडाच फोडला.

गेल्या वर्षी आम्ही शिल्पाजवळ मिल्टन कीन्सला राहायला आलो. निघताना मी टेडला सगळं समजावून दिलं, वेळ, माप, घंटेचे ठोके, लेखी. याद्या सगळ्या फाडून टाकल्या. एक कागद तेवढा इथल्या फ्रिजवर लावला आहे, कारण त्यातल्या शेवटच्या ओळीपुढे खूण नाही: 'मफलरवाले, रानात परत.'

परवा टेडचा फोन आला. "मिसेस साने, मी रोज अकराला घंटा वाजवतो. तो येतो, माझ्याकडे बघतो, भाताकडे बघतो, आणि मागे वळून रस्त्याकडे बघत बसतो. तुमचं काम अर्धवट पडलंय. कधी येताय?"

येत्या शनिवारी जायचं ठरलं आहे. मागच्या शनिवारीही निघालो होतो. अरविंद गाडी चालवत होते आणि नकाशा माझ्या हातात होता, कारण नीटनेटकं काम मी करते. मिल्टन कीन्सच्या राउंडअबाउटांची, म्हणजे गाड्या गोल फिरवणाऱ्या असंख्य चौकांची, मी क्रमवार यादी केली होती, एकेक ओलांडला की खूण. सगळ्या खुणा झाल्या तेव्हा बरोबर अकरा वाजले होते, आणि आम्ही आमच्याच दारात उभे होतो.